खिळ्याच्या जागी आमरी

माझ्या गॅलरीत बावीस लाकडं टांगलेली आहेत आणि प्रत्येकावर एकेक आमरी आहे. आमरी म्हणजे ऑर्किड. पण लोणावळ्यात आमच्या गल्लीत सगळे तिला बांडगूळच म्हणतात. "बाईंनी रिटायर झाल्यावर बांडगुळं पाळलीत," असं शेजारीण पाहुण्यांना सांगते. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. आमरी नुसती फांदीला धरून राहते आणि हवेतलं पाणी पिते, हे मी निदान पन्नास वेळा तरी समजावलं असेल. डोंबल समजतंय कुणाला! आता सांगायचं सोडून दिलंय.

उभ्या झाडावरची आमरी मी कधी ओरबाडत नाही. पडलेल्या नाहीतर तोडलेल्या फांदीवर सापडेल तेवढीच उचलते. गेल्या जूनमध्ये टाकव्याकडचा रस्ता रुंद करताना कडेचा जुना आंबा पाडला. त्याच्या फांदीवर बोटभर आमरी सुकत पडली होती. शेजारीच खोडाचा हातभर तुकडा होता, साल छान खडबडीत. दोन्ही रिक्षात घातलं आणि घरी आणलं.

आमरी लाकडावर बसवायची म्हणजे लाकूड भिजवायचं, घासायचं, जागा हेरायची, मुळांखाली थोडा काथ्या किंवा शेवाळ ठेवायचं आणि मासे धरायच्या तंगुसाच्या दोऱ्यानं बांधायचं. त्या तुकड्यात नेमका मधोमध एक खिळा होता आणि त्याच्या वर कोयत्यानं मारलेल्या तीन आडव्या खाचा. खिळ्याच्या गंजक्या डोक्यावर घासून तंगूस दोनदा तुटला. मी वैतागले, पक्कड घेतली आणि पंधरा मिनिटं झटून तो उपटला. चांगला वीतभर लांब, चौकोनी, लोहारानं घडवलेला होता. त्याच्याबरोबर भोकातून काळ्या धाग्यांचा एक पुंजका बाहेर आला. जुना काथ्या असेल, नाहीतर घरट्यातलं काहीतरी. म्हटलं, बरं झालं, आयती गादी मिळाली. पुंजका भोकावर दाबून त्यावर आमरी बांधली. खिळा गॅलरीतून खालच्या ओढ्यात भिरकावला. ओढा तेव्हा दुथडी भरून वाहत होता.

बाकीच्यांना लाकूड धरायला चार-पाच महिने लागतात. हिनं सहा आठवड्यांत धरलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. इतरांची मुळं लाकडावर चहूकडे पसरतात. हिची मागे वळून त्या भोकाकडे जायची. एकदा एक मूळ मी बोटानं बाहेर वळवून ठेवलं. आठ दिवसांनी बघते तर परत आत. ओलावा आत असेल म्हणून वळत असतील, असं मी स्वतःला बजावलं. धुक्याच्या दिवसांत गॅलरीत हातभर अंतरावरचं दिसत नाही, तरी त्या लाकडासमोरून जाताना मान आपोआप वळायची. आणि वळली की माझी मलाच लाज वाटायची.

दिवाळी झाल्यावर दरवर्षीप्रमाणे मावशी आल्या. या टाकव्याच्या. सगळा गाव त्यांना मावशी म्हणतो, म्हणून मीही. भात काढून झालं की नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी मला आणून देतात. त्याचं कारण त्यांची मुलगी. बारा वर्षांपूर्वी सातवीत असताना ती माझ्याच वर्गात फिट येऊन पडली. मी तिला तळेगावला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. काही वर्षांनी डॉक्टरांनीच त्या बंद केल्या. पुन्हा फिट आली नाही. ही गोष्ट मी माझ्या निरोप समारंभातसुद्धा सांगितली होती. विज्ञानाची बाई ना मी!

चहा झाल्यावर मी कौतुकानं त्यांना गॅलरीत नेलं. "हे बघा, तुमच्या रस्त्यावरच्या आंब्याचं लाकूड."

मावशी वाकून बघायला लागल्या. त्यांनी त्या तीन खाचांवरून बोट फिरवलं.

"बाई, हितला खिळा कुटं हाय?"

"काढला."

"काढला? मंग ठिवलाय कुटं?"

"ओढ्यात टाकला. का हो?"

त्या होत्या तिथंच फरशीवर बसल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी मुलीला तळेगावला नेलं त्याच आठवड्यात मावशींनी तिला देवऋष्याकडे नेलं होतं. त्यानं तिच्या वेणीचं टोक कापलं, खिळ्याला गुंडाळलं, खिळा आंब्यात ठोकला आणि खूण म्हणून वर कोयत्यानं तीन खाचा मारल्या. तिचं दुखणं झाडाला खिळलं. खिळा आहे तोवर ते बाहेर येणार नाही, असं सांगितलं होतं.

मी भडकलेच. "मग इतकी वर्षं मला तांदूळ कशाबद्दल आणत होता?"

"तुमचं बी केलं, त्याचं बी केलं," मावशी म्हणाल्या. "कशानं गेलं त्ये म्या कशाला इचारू? पर आता सातवा लागलाय तिला, बाई. उर्स्याला सासरी हाय. खिळा न्हाई तर न्हाई, क्येस तरी द्या."

केस! कर्म माझं. तेव्हा कुठं मला कळलं, मी आमरीला कशाची गादी केली होती ते.

लाकूड उतरवून टेबलावर घेतलं. तंगूस कापला. आमरी उचलून बघितली तर ढिम्म हलेना. दाभणानं मुळं जराशी उकलली. पांढरी मुळं आणि काळे केस वेणीच्या पेडांसारखे एकमेकांत गेलेले होते. मूळ कुठलं, केस कुठला, सांगता येत नव्हतं. मी कात्री घेतली. मावशींनी माझं मनगट धरलं.

"नगा बाई. खिळा काय करत व्हता? धरूनच ठिवत व्हता न्हवं? आता ह्यानं धरलंय." त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "ह्याला मरू दिऊ नगा, म्हंजी झालं."

मी त्यांना खूप बोलले. हे सगळं खुळ्यासारखं आहे, मुलीच्या डॉक्टरांना जुन्या फिट्सबद्दल आधी सांगा, असं खडसावलं. त्यांनी ते केलंही. आणि त्या गेल्यावर मी लाकूड परत टांगलं, पण जुन्या जागी नाही. गॅलरीतल्या सगळ्यात चांगल्या जागी.

माघात मुलगी सुखरूप बाळंत झाली. तेव्हापासून दर सोमवारी मावशींचा फोन येतो. कशा आहात वगैरे काही नाही, सरळ "जितं हाय का?"

"आहे हो. तुमच्या जावयापेक्षा जास्त पाणी पितंय!" मी म्हणते. त्या हसतात, मीही हसते. पण फोन ठेवल्यावर गॅलरीत जाऊन एकदा बघून येते.

या वैशाखात चार दिवस बहिणीकडे जावं लागलं. शेजारणीला फवारा दिला, सकाळ-संध्याकाळ मारायला सांगितलं. खिळ्याची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. मी कुणालाच सांगितली नव्हती. परत आले तेव्हा भर दुपार होती. किल्ली देताना ती जराशी घुटमळली.

"रागावू नका हं बाई. सगळ्यांना पाणी मारलं. त्या एकाला नाही मारलं."

"का?"

"काय सांगू? त्याच्यासमोर उभंच राहवत नाही."

मी चप्पल न काढता गॅलरीत धावले. दोन पानं पिवळी होऊन गळून पडली होती. मुळं खडूसारखी पांढरीफटक. फवाऱ्याची बाटली तिथंच होती. पण मी आधी ती उचलली नाही. आधी फोन काढला आणि उर्स्याला लावला. हे मी केलं, एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईनं. खोटं कशाला सांगू?

"बाई! तुम्ही? आज कशी काय आठवण झाली?" पोरीचा आवाज जरा ओढल्यासारखा वाटला.

"सहजच. बरी आहेस ना?"

"हो. म्हणजे, दोन दिवस डोकं जड झालंय. डोळ्यांपुढं मधूनच चमकतं. ऊन लागलं असेल."

"आजच्या आज डॉक्टरांकडे जा. लहानपणच्या फिट्सचं सांग. सासूबाईंना सोबत घेऊन जा, एकटी जाऊ नकोस."

"जाते बाई. आत्ताच निघते. ठेवू का मग?"

"थांब!" मी ओरडलेच. माझा आवाज रडका झाला होता आणि तिला ते कळलं असणार. "ठेवू नकोस. आधी बाळाचं सांग. बाळ काय काय करतं?"

ती सांगायला लागली. कुशीवर वळतं म्हणे, पंख्याकडे बघून हसतं, आजीचा आवाज ओळखतं. मी फोन खांद्यात दाबून फवारा मारत होते. आमरीचं कोरडं मूळ पाणी प्यायलं की पांढऱ्याचं हिरवं होतं. घरी येणाऱ्या सगळ्यांना मी हे मोठ्या हौसेनं दाखवते. त्या दिवशी फार वेळ लागला. सासूबाई तयार होऊन दारात उभ्या आहेत, असं पोरगी दोनदा म्हणाली. पण मुळं हिरवी होईपर्यंत मी तिला फोन ठेवू दिला नाही.