दाजींची लाल गाडी आणि खारा वारा

मिठागरावर जन्मून मिठाशीच उभं वैर धरणारा माणूस अख्ख्या उरण तालुक्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमच्या दाजींच्या तीन पिढ्या मिठावर जगल्या. स्वतः दाजी बंदरातले कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरच्या धंद्यात शिरले, तिथे चांगलं बस्तान बसवलं, आणि साठी जवळ आल्यावर मुंबईच्या कुणा हौशी माणसाची जुनी, दोनच माणसांची, लालभडक स्पोर्ट्स कार घेऊन दारात उभे राहिले. हौसेला मोल नसतं हे खरं, पण उंची तरी असावी! ही गाडी इतकी बुटकी की ओट्यावर बसलेलं मांजर तिच्या टपाकडे वरून बघतं.

या गाडीला परक्याचा हात लागलेला दाजींना खपत नाही. पहिल्याच गतिरोधकाने पुढच्या बंपरखालची काळी पट्टी उचकटली, तेव्हा मुंबईच्या कारागिराने अख्खा बंपर बदलायला सांगितला. दाजींनी त्याला दारातूनच रामराम केला. तडा गेलेल्या प्लास्टिकला आतून तारेची जाळी लावली, दगडासारखं घट्ट होणारं इपॉक्सी भरलं, पाण्याखाली धरून बारीक पॉलिश कागदाने घासलं आणि वर काळा रंग मारला. सांधा कुठे आहे हे मला आजही सांगता येणार नाही. पट्टी पुढे आणखी तीनदा तुटली, तीनदा जुळली, आणि मग दाजींनी बंपर सोडून गतिरोधकांचाच अभ्यास केला. आता त्यांना तालुक्यातले सगळे गतिरोधक पाहुण्यांसारखे ओळखीचे आहेत. उडणाऱ्या खड्यांनी बॉनेटवर ओरखडे उठू नयेत म्हणून पारदर्शक फिल्म चिकटवायची ठरली, तीही स्वतःच. साबणाचं पाणी, ताईचा हेअर ड्रायर, आणि बुडबुडे बाहेर लोटायला जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं स्वयंपाकघरातलं उलथणं. काम आठ दिवस चाललं. ते आठ दिवस ताईने घावणे बोटांनी उलटले.

पण खरी लढाई खाऱ्या वाऱ्याबरोबर येऊन पत्रा गंजवणाऱ्या मिठाशी. दाजींचे वडील मिठागरातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि मीठ किती दिवसांत धरेल ते सांगायचे. ती विद्या मुलाने गाडीला लावली. गाडी गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, आणि मग दाराच्या रबरी पट्टीला सरळ जीभ लावून बघायची. एकदा गावात नव्याने आलेला पोस्टमन पत्र द्यायला आला, तर यजमान अंगणात गुडघ्यावर बसून आरशाची कड चाटताहेत! तो दारातच थिजला. दाजी शांतपणे म्हणाले, "हाय अजून. परत धुवावी लागल."

ताईने नवऱ्याकडे कधी सोनं मागितलं नाही. एकच मागणं होतं. या गाडीत त्यांच्या शेजारी बसून एकदा समुद्राच्या कडेकडेने काशीदला जायचं. दाजींचं उत्तर ठरलेलं. "जाऊ गो. यवढी पट्टी लागू दे." मग दाराच्या कडांच्या फिल्मचं काम निघायचं, मग काचेभोवतीच्या रबराचं. काशीदची वाळू आणि तिथला वारा म्हणजे त्यांच्या मते गाडीला मुद्दाम आजारी पाडणं. असं करत चार वर्षं गेली आणि तेवढ्यात ताईच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. आधी ओट्याच्या पायऱ्या जड झाल्या, मग खाली मांडी घालणं सुटलं. मी एकदा चिडून म्हणालो, "दाजी, गाडी थांबेल, ताईचे गुडघे थांबायचे नाहीत." तर मला, शाळेतल्या मास्तरालाच, शिकवलं, "मास्तर, घाई केली का बुडबुडा ऱ्हातो."

गेल्या माघात एके सकाळी चहा पिता पिता त्यांनी स्वतःच जाहीर केलं, "गाडी तयार हाय. चल काशीदला." ताई हिरवी साडी नेसून, अबोलीची वेणी माळून आली. दाजींनी दार उघडलं. ती दार धरून वाकली, पण गुडघे काही वाकेनात. एका बाजूने कलून पाहिलं, पाठमोरी होऊन पाहिलं. शेवटी हसून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अवो. भायेरून पन चांगलीच दिसते." ते हसू मला बघवेना. दाजींनी घरातून प्लास्टिकचं स्टूल आणलं. तिला त्यावर बसवलं, तिचा हात आपल्या गळ्यात घेतला, मी पाठीला आधार दिला, आणि हळूहळू तिला आत सरकवलं. स्टुलाचा पाय दाराखालच्या नव्या फिल्मवर कर्रकन ओढला गेला. मी डोळे मिटले. दाजींनी वाकून विचारलं, "दुखला का गो?" ते ताईला विचारत होते.

मी स्टूल घेऊन माझ्या गाडीतून त्यांच्या मागोमाग गेलो. काशीदला दाजींनी थेट वाळूच्या कडेपर्यंत गाडी नेली आणि ताईच्या बाजूचं दार उघडलं. गाडी बुटकी असल्यामुळे बसल्याजागीच तिचे पाय वाळूला टेकले. पाण्यापर्यंत चालत जाणं मात्र शक्य नव्हतं. ती लाटांकडे बघत राहिली. दाजींनी शहाळेवाल्याची बादली मागून घेतली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि समुद्राचं पाणी भरून आणलं. ते तिच्या पायांवर ओतताना दारावर, पट्ट्यांवर, सीटवर सगळीकडे उडालं. मला त्या माणसाची त्या क्षणी फार माया आली.

"चार वर्सां आधी आनायला पायजे व्हता तुला," रिकामी बादली हातात घेऊन ते म्हणाले.

ताईने ओले पाय वाळूत रोवले. "आता आनलात ना," ती म्हणाली. "अजून एक बादली आना."

दाजी पुन्हा समुद्राकडे गेले.