मिठाच्या पाण्यातला फासा

निलंग्यात सायकली दुरुस्त करणारे एक गृहस्थ लुडोचा फासा मंतरतात, असे लोक सांगतात. हे धादांत खोटे आहे. खेळापूर्वी ते फासा मिठाच्या पाण्यात तरंगवतात; पुनःपुन्हा एकच आकडा वर आला, तर तो फासा एका बाजूने जड, म्हणून बाद. मला हरवणे त्यांना वर्षानुवर्षे जमले नव्हते. परवा नवा फासा न तपासताच आम्ही बसलो आणि ते जिंकले. मग त्यांनी फासा पाच वेळा मिठाच्या पाण्यात सोडला. पाचही वेळा सहाच वर आला.

"ह्यो डाव धरू नका, काका."

"तोच फासा मीही टाकला," मी म्हणालो.

"मग दोघांचाबी डाव खोटा हाय," म्हणत त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या.

त्या दिवशी मी हरलो होतो, आणि हे गावात मीच सांगतो.