चौकात उतरायची रीत

मी सायकल चांगली चालवत असे. हे वाक्य आमच्या घरात मला कुणी पुरं करू देत नाही. ‘चांगली’पर्यंत पोचलो की बायको स्वयंपाकघरातून खोकते आणि मुलं एकमेकांकडे बघतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. कागद मध्येच खोकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईची वर्षं होती. सातारच्या बाजूचं आमचं गाव सोडून मी शाळेसाठी सांगलीला मामाकडे आलो होतो. शाळा संपली तरी परत गेलो नाही, कारण गावी ऊस होता आणि ऊस म्हणजे कष्ट. घरच्यांना मी सांगितलं, मला शहरात राहून काहीतरी करून दाखवायचंय. त्यांनी माझ्या दंडाकडे बघितलं आणि लगेच हो म्हटलं. मग लग्न झालं, आणि माधवनगरच्या कापडगिरणीत मला कारकुनी मिळाली.

सांगलीहून माधवनगरला जायला मी सायकल घेतली. ती माझ्याआधी दोघांनी वापरली होती आणि दोघांनीही आनंदानं विकली होती. लढाईमुळे टायर मिळत नसत. जुन्या टायरचा तुकडा आतून लावून आम्ही चाकं चालवायचो, त्यामुळे चाक एका फेऱ्यात एकदा उडी मारायचं. ब्रेकचे रबर तर औषधालाही नव्हते. थांबायचं तर पायातली वहाण पुढच्या चाकावर दाबायची. वहाण दाबल्यावर सायकल थांबे, पण कुठे थांबेल हे तिचं ती ठरवी.

वाटेत एक चौक होता. आता मुलं विचारतात, तेव्हा कुठे एवढी वाहनं होती, चौकात पडायला काय झालं होतं? त्यांना तो चौक दिसलेला नाही. एका रस्त्यानं हळदीच्या पोत्यांच्या गाड्या पेठेकडे येत. गाडीवान बिचारे रात्रभर चाललेले. सकाळी ते पोत्यांवर झोपलेले आणि रस्ता बैलांच्या हवाली. बैलांना वाट पाठ, पण थांबणं त्यांच्या शिक्षणात नव्हतं. दुसऱ्या रस्त्यानं स्टेशनावरचे टांगे उतारावरून येत. तिसऱ्यानं प्रवाशांची सर्व्हिस मोटार, पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणारी. ती एकदा बंद पडली की पुन्हा पेटायला अर्धा तास लागे, म्हणून ड्रायव्हर काही झालं तरी तिला थांबवत नसे. आणि चौथ्या रस्त्यानं आम्ही, गिरणीचा पहिला भोंगा झाल्यावर निघालेले शंभरेक सायकलवाले.

त्यात भर म्हणजे चाकोऱ्या. गाड्यांच्या लोखंडी धावांनी मातीत खोल चर पाडले होते, आणि सायकलचं चाक त्यात असं बसे की जणू मापानंच केलेत. एकदा चाक चाकोरीत गेलं की चाकोरी नेईल तिकडे जायचं. चौकाच्या मधोमध तर चारी रस्त्यांच्या चाकोऱ्या एकमेकींना छेदत होत्या.

पण खरं सांगू? यांतल्या कुणीही मला पाडलं नाही. बैलाची शिंगं लांबून दिसतात, मोटारीचा खोकला तर आमच्या घरापर्यंत ऐकू येई. तो चौक धोक्याचा झाला होता तो आदरामुळे.

चौकाच्या कोपऱ्यावर लिंबाखाली एक दगडी पार होता. त्यावर सकाळी आमचे निवृत्त गुरुजी बसत. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी सांगलीतली पोरं शिकवली होती, म्हणजे सायकलवाल्यांतले निम्मे त्यांच्या हातचा मार खाल्लेले. आणि आमच्याकडे रीत अशी की वडीलधारं माणूस दिसलं तर सायकलवर बसून पुढे जायचं नाही. खाली उतरायचं, दोन पावलं सायकल हातात धरून चालायचं, नमस्कार करायचा, त्यांनी मान हलवली की पुन्हा टांग मारायची. गुरुजींची नजर पडे नेमकी चौकाच्या मधोमध. त्यामुळे शहाणी माणसंही तिथे पोचली की पाय काढून धप्पकन खाली. मागच्याला कसं कळणार? तो गुरुजींचा विद्यार्थी असला तर तोही उतरे आणि सगळं ठीक होई. नसला तर त्याचं पुढचं चाक आमच्या मागच्या चाकात.

चौकात एक पोलीसही असे. तोही गुरुजींचाच विद्यार्थी. ते पारावर येऊन बसले की तो कडक सलाम ठोकी, आणि तो वर गेलेला हात आपल्यासाठीच आहे असं समजून टांगेवाले जागच्या जागी थांबत. दिवसभरात तेवढीच एक वेळ वाहतूक शिस्तीत चाले.

माझी अडचण अशी की गुरुजी माझ्याशी नुसती मान हलवून थांबत नसत. मी त्यांचा आवडता विद्यार्थी होतो, असं मी बायकोला सांगितलं होतं. प्रत्यक्षात गणितात मला इतके कमी गुण मिळत की मी हिशेबाच्या कामाला लागलो याचं त्यांना रोज नव्यानं आश्चर्य वाटे. “अजून आहेस का रे तिथे?” ते विचारत. “आहे गुरुजी.” “बेरीज जमते?” “जमते गुरुजी.” एवढं होईपर्यंत दुसरा भोंगा अगदी तोंडावर यायचा, आणि तो झाला की गिरणीचं दार लागायचं.

दोनदा मी दाराबाहेर राहिलो. हेडक्लार्कनं मला बोलावून शांतपणे सांगितलं, “तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊच नका. नाव कमी करतो.” हा माणूस स्वतः कधी मिनिटानंही चुकत नसे, त्यामुळे त्याच्यापुढे सबबी सांगायची सोय नव्हती. नोकरी गेली की गावी ऊस माझी वाट बघत होताच.

लवकर निघायचा उपाय मला सुचला होता, पण त्यासाठी लवकर उठावं लागलं असतं. म्हणून मी दुसरा उपाय केला. उतरायचंच नाही. नजर पुढच्या चाकावर ठेवायची आणि गुरुजी दिसलेच नाहीत असं समजून निघून जायचं. दोन दिवस तसं केलं. दोन्ही दिवस मी भोंग्याच्या आधी पोचलो आणि दोन्ही दिवस दुपारची भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको म्हणाली, “गुरुजींच्या घरातनं इचारलंय, तुमच्या डोळ्यांस्नी काय झालंय का म्हणून.”

“डोळे ठीक आहेत. नोकरी आजारी आहे,” मी म्हणालो.

“आवं, पण सायकलीवरनं जायाचं? म्हाताऱ्या माणसाच्या म्होरनं? लोकं म्हणतील, गिरणीत लागला नि चढला.”

“लागलेलाच राहावा म्हणून तर चाललंय हे सगळं.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. त्याच संध्याकाळी तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, गुळाच्या पेठेतलं काम काढून आमच्याकडे मुक्कामाला आले. ते पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झाले होते. लाल पटका, पिळदार मिशा, आणि जेवताना ताटात काही टाकलेलं त्यांना खपत नसे. मी त्यांच्यापुढे कारलंसुद्धा आवडीनं खाल्लं.

सकाळी मी उठलो तेव्हा ते फिरायला गेले होते. बरं झालं म्हणत मी सायकल काढली, नेहमीप्रमाणे थोडा उशिरा. चौक आला. मी मान खाली घातली, चाक चाकोरीत घातलं आणि मधोमध पोचलो. एवढ्यात पारावरून परेडच्या मैदानावरचा आवाज आला, “आवं जावईबापू!”

मान वर केली तर गुरुजींच्या शेजारी लाल पटका. पुढचं मी काहीच केलं नाही, पायानंच केलं. पाय सीटवरून मागे आला आणि मी चाकोरीत उभा राहून नमस्कार करतोय, तोच मागून धाडकन बसली.

मागे आमच्याच गिरणीतला एक विणकर होता. पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातला, बापजादे मेंढरं राखणारे, हा पहिलाच यंत्रापुढे उभा राहिलेला. त्यानं वहाण दाबली होती, पण वेळ कुठे होता? तो माझ्या सायकलवरून पलीकडे पडला, हात पुढे टेकून, थेट हळदीच्या गाडीपुढे. बैल आपणहून थांबले. म्हणजे थांबणं त्यांना येत होतं. गाडीचं चाक त्याच्या बोटांपासून वीतभर लांब उभं होतं. गाडीवान पोत्यांवर उठून बसला आणि म्हणाला, “पेठ आली व्हय?”

कुणी हसलं नाही. विणकर उठला. उजवं मनगट डाव्या हातात धरून त्यानं माझ्याकडे बघितलं.

“आवं, मदीच कशापायी उतारलासा?”

“सासरे आहेत,” मी पाराकडे हात केला.

“मग? ते काय आडवं आलं हुतं?”

मी हात खाली घेतला. तो मनगट हळूच हलवून बघत होता. ते बघता बघता फुगलं. “तुटल्याल्या धाग्याला गाठ मारायची ती याच हातानं,” तो म्हणाला, रागानं नाही, नुसतं सांगावं तसं. माझ्या नोकरीचा विचार मी तेवढा वेळ तरी केला नाही, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

दोघे म्हातारे पारावरून खाली आले. सासऱ्यांनी त्याचं मनगट बोटांनी चाचपलं, त्यानं ओठ आवळले. “हाड शाबूत हाय. मुरगाळलंय. लय दिवस न्हाई लागायचं,” असं म्हणून त्यांनी आपल्या पटक्याचं टोक फाडून त्याला पट्टी बांधली. त्या पटक्याला घरात कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

गुरुजी मला म्हणाले, “अरे, पण रस्त्याच्या मध्ये कशाला उतरतोस? कडेला येऊन उतरावं.”

“गुरुजी, तुमची नजर मध्ये पडते. कडेला येईपर्यंत बसून राहिलो तर…”

“तर काय?”

“तर तुम्ही मला बसलेला बघाल.”

गुरुजींनी चौकाच्या मध्याकडे बघितलं. तेव्हा विणकर म्हणाला, “आवं म्हातारबा, एक सांगू? तुमी तोंड तिकडं भिंतीकडं करून बसा की. तुमाला कोन दिसलं न्हाई म्हंजी कुनाला उतराय नगो.”

सासऱ्यांच्या मिशा थरथरल्या. “कुणाला सांगतुयास रं?”

“ज्यास्नी बसाय जागा हाय त्यास्नी,” तो म्हणाला. “आमी काय, जाणारं.”

पोलिसाला हसू आलं, त्यानं ते गुरुजींकडे बघून गिळलं. आणि तेवढ्यात लांबून दुसरा भोंगा झाला. मी मटकन पारावर बसलो. गुरुजींनी कारण विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं: दोनदा झालेला उशीर, हेडक्लार्कची ताकीद, दोन दिवस मुद्दाम खाली घातलेली मान. सांगताना माझा आवाज शाळेतल्यासारखा झाला होता. गुरुजींनी ऐकून घेतलं. कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली, एका चिठोऱ्यावर चार ओळी लिहिल्या आणि माझ्या हातात दिल्या. “याच्यासाठीही,” विणकराकडे बोट करून ते म्हणाले, “दोघांचं लिहिलंय.”

आपापली वाकडी सायकल ढकलत, तो एकाच हातानं, आम्ही दोघं गिरणीवर पोचलो. हेडक्लार्क घड्याळाखालीच उभा होता. मी चिठ्ठी पुढे केली. त्यानं ती वाचली आणि वाचता वाचता टाचा जुळवून सरळ उभा राहिला. चिठ्ठीत एवढंच होतं, की ही मुलं माझ्यामुळे उशिरा आली, चूक माझी आहे, त्यांना शिक्षा नसावी.

“अजून बसतात तिथे?” त्यानं हळूच विचारलं.

“रोज.”

तो इकडे तिकडे बघून म्हणाला, “म्हणून तर मी शेतातून वळसा घालून येतो. वर्षानुवर्षं. तुम्हाला चौकातून यायला सांगितलं कुणी?”

माझं नाव राहिलं. विणकराचा हात पंधरा दिवस गळ्यात होता. तेवढे दिवस हेडक्लार्कनं त्याला कापडाचे तागे मोजायला माझ्याशेजारी बसवलं. तो तोंडानं मोजे, मी लिहून घेई, आणि चुका माझ्याच निघत.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. सायकल सरळ व्हायची होती, म्हणून मी चालत निघालो होतो. चौक आला. पारावर गुरुजी आणि त्यांच्या शेजारी सासरे, दोघंही रस्त्याकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या पुढ्यात हातभर अंतरावर गोदामाची कोरी भिंत होती. दोघं ताठ बसून ती बघत होते, आणि मागून सायकलवाले थवेच्या थवे चालले होते. जुने दोघे-तिघे सवयीनं उतरले, इकडे तिकडे बघून लाजले आणि पुन्हा टांग मारून गेले. पोलिसानं पाठीलाच सलाम केला.

सासरे चार दिवस होते, चारही दिवस भिंतीकडे बघत बसले. गुरुजी पुढे कितीतरी वर्षं तसेच बसत. म्हाताऱ्या माणसाला सकाळी बघायला रस्ता हवा असतो, हे तेव्हा मला कळण्याचं वय नव्हतं.

सायकल दुरुस्त होऊन आली त्या दिवशी मी चौकातून बसूनच निघालो. मधोमध आलो. माझ्या चाकाची उडी ऐकून गुरुजी मागे न वळता म्हणाले, “बेरीज जमते?”

माझा पाय मागे निघाला होता. तो मी पुन्हा पायडलवर ठेवला.

“जमते गुरुजी,” मी सायकलवरूनच म्हणालो, आणि गेलो.