वेगळं टोपलं

माझ्या हातच्या भाकऱ्या म्हशीपुढं पडलेल्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या.

विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला आमचं गाव. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी गावजेवण असतं. आमटी-भाजी देवळापाशी शिजते, भाकऱ्या घरोघरच्या. गावाच्या ग्रुपवर मेसेज आला होता, 'प्रत्येक घरातून पंचवीस भाकऱ्या आणून सेवा करावी.' प्रत्येक घर, असंच लिहिलं होतं. बौद्धवाडीतली आमची घरंही त्याच ग्रुपवर.

मी पुण्यात बारा वर्षं दवाखान्यात आया होते. नवरा गेला आणि गावी परत आले. दुसऱ्याचं करायची हाताला सवय. ती आपल्याच गावाच्या कामी यावी, एवढीच इच्छा होती. सकाळी लवकर उठून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, फडक्यात बांधून देवळात नेल्या.

सप्ताहाचं सगळं तात्या बघतात. गोड बोलणारा माणूस. म्हणाले, "लई बरं केलंस. त्या टोपल्यात ठेव." टोपलं खांबामागं होतं. बाकीच्यांच्या भाकऱ्या समोरच्या मोठ्या पाटीत. मला काही कळलं नाही. मी येडी खूश होते.

दुपारी पंगती बसल्या. वाढायला पुढं झाले, तर एका बाईनं हातातलं भांडं अलगद काढून घेतलं. "तू पत्रावळ्या उचल. त्येबी सेवाच हाय."

उचलल्या. मागच्या गोठ्यापाशी टाकायला गेले. तिथं म्हशीपुढं माझ्या भाकऱ्या. शेजारी शेणात माझं फडकं.

तात्यांना जाऊन विचारलं. ते चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. "अगं, जित्राबाच्या मुखी गेलं तरी देवालाच पोचलं. आमच्या मनात काय न्हाई. पर म्हातारी माणसं उठून जात्यात. तू समजून घे."

त्यांची म्हातारी आई पहिल्याच पंगतीत बसली होती. कोरोनात तिला शाळेत ठेवलं, तेव्हा घरचं कुणी जवळ जात नव्हतं. पंधरा दिवस मी तिला माझ्या हातची पेज भरवली होती. आता तिनं मला बघितलं आणि मान खाली घातली.

खांबामागच्या टोपल्यात अजून सात-आठ भाकऱ्या उरल्या होत्या. त्या उचलल्या. निदान कुणाच्या तरी पोटात जाऊ देत म्हणून ओढ्यापलीकडच्या कातकरी वस्तीवर गेले. एक म्हातारी चुलीपुढं बसली होती. अंगणातूनच भाकऱ्या तिच्या हातात दिल्या आणि वळले.

"बस की. खेकड्याचं कालवण हाय. खाऊन जा."

"नगं, घाई हाय."

घाई कसली? घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं.

म्हातारी हसली. "न्हाई खात कुणी. समदी देऊन जात्यात."

तात्यांच्या बोलण्यानं वाटली नव्हती एवढी लाज मला तेव्हा वाटली. तात्यांचं टोपलं माझ्याही मनात होतं. मी मागं फिरले, तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि जेवले.

गाव सुधारेल असं मला वाटत नाही. वाडीतल्या बायांना सांगितलं, तर म्हणाल्या, "आपल्याला हितंच ऱ्हायचं हाय, बाई." पुढच्या वर्षी त्या पुन्हा भाकऱ्या थापतील आणि त्या कुठं जातात ते बघायला जाणार नाहीत. त्यांच्यावर मी रागवत नाही. ग्रुपवर मी एकटीनंच लिहिलं, 'ज्या पंगतीत मला वाढू देत नाहीत, त्या पंगतीला माझ्या घरची भाकरी येणार नाही.' संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं.

ओढ्यापलीकडच्या म्हातारीच्या पायाला जखम आहे. दर दोन दिवसांनी जाऊन ती धुते, पट्टी बांधते. पण आधी तिच्या चुलीपाशी बसते आणि ती देईल ते खाते. ज्याच्या घरचं मी खाणार नाही, त्याला मी काही देणार नाही. आणि माझ्या हातचं ज्याला चालत नाही, तो दारात मरायला टेकला तरी आधी माझ्या हातचं पाणी पिईल, मगच मी त्याला उचलीन.