बर्फातलं भोक आणि तासभराची झोप

मासे पकडण्यात मला काडीचाही रस नाही. मला झोपेत रस आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी गळ आणि रीळ यांच्याबद्दल इतकं जाणकारासारखं बोलणार आहे की कुणाचाही गैरसमज होईल.

आमच्या यांना कंपवात झाला. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग चाल अडखळली, मग आमच्या दोघांच्याही रात्री गेल्या. कूस बदलायची तर मी, बाथरूमला जायचं तर मी, पायात गोळा आला तर मी. सकाळ झाली की लॅपटॉप उघडायचा आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून बसायचं. सगळे म्हणतात, तू किती करतेस. ते ऐकलं की मला चिडायला होतं. कौतुकाने डोळ्यांची आग थांबत नाही.

नागपूरहून इथे इंग्लंडात आल्यापासून यांना एकच नाद होता, ब्रॅकनेलजवळच्या एका क्लबच्या तळ्यावर रविवारी जाऊन बसायचं. पर्च आणि रोच, म्हणजे हातभरसुद्धा नाहीत, तळहाताएवढे मासे. ते पकडायचे, कौतुकाने बघायचे आणि परत पाण्यात सोडायचे, असा तिथला नियम. लग्न झाल्यापासून मी यांना मासे तळून घालते आहे, त्यामुळे ही सोडून देण्याची कल्पना मला अजून पटलेली नाही. शिवाय आमिषाच्या लाल अळ्यांचा डबा माझ्या फ्रीजमध्ये, दह्याच्या शेजारी.

आजारपणात ते जाणं बंद पडलं आणि हे खुर्चीत नुसते बसून राहायला लागले. तेव्हा मीच म्हटलं, चला, मी नेते. माझा हिशेब सरळ होता. त्या तळ्यावर एका ठिकाणी गाडी अगदी काठापर्यंत नेता येते. समोर फळ्यांचा ओटा, ओट्यावर यांची हातांची खुर्ची, मागे गाडीत मी. हे मासे पकडतील आणि मी तासभर झोपेन. आठवडाभर मी त्या एका तासाकडे डोळे लावून बसायचे.

पण तो तास काही मिळेना. सीट मागे केली, डोळे मिटले, की हाक यायची. "अगं, जरा ये ना. लाइन ट्विस्ट झाली."

दोष त्यांच्या जुन्या रिळाचा होता. त्यात दोरी गुंडाळायची चकती जागच्या जागी असते आणि एक तारेचं कडं तिच्याभोवती फिरत दोरी गुंडाळतं. प्रत्येक फेऱ्याला दोरीला पीळ बसतो. जड गळ असेल तर त्याच्या ओढीने तो पीळ निघतो. पण या चिमुकल्या माशांसाठी गळ असतो तांदळाच्या दाण्याएवढा. तो पाण्यात गेला की पीळ सुटता सुटता आपला गोल गोल फिरत राहतो. मासा येतो, बघतो, आणि जातो. वर थरथरत्या हातांनी ते कडं कधी नीट उघडायचं नाही, की गुंता ठरलेलाच. गार बोटांनी मी तो सोडवायचे आणि मनातल्या मनात बरंच काही बोलायचे.

यांचे थोरले भाऊ मिनेसोटात असतात. तिकडे तळी इतकी गोठतात की लोक बर्फावर तंबू ठोकतात, भोक पाडतात आणि वरून सरळ खाली गळ सोडतात. त्यांना हे सगळं कळलं तेव्हा त्यांनी एक पार्सल पाठवलं. आत हातभर लांबीची काठी आणि तिला बसवलेलं एक चपटं, गोल रीळ. इन-लाइन रील. हे त्याकडे बघतच राहिले. "अगं, ही तर आपली चक्री आहे!"

खरंच चक्री होती. पतंगाच्या चक्रीवरून मांजा जसा सरळ सुटतो, तशीच यावरून दोरी सुटते. चक्री स्वतः फिरते, म्हणून पीळ बसत नाही आणि गळ पाण्यात फिरत नाही. बोटाने एक खटका दाबला की गळ आपल्या वजनाने खाली जातो. अंगठा चक्रीवर टेकवला की थांबतो. लहानपणी थोरला भाऊ गच्चीवर पतंग उडवायचा आणि हे मागे चक्री धरून उभे राहायचे. "जन्मभर मी नुसती चक्रीच धरली त्याची," असं त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर यांनी भावाला ऐकवलं. तिकडून भाऊजी म्हणाले, "म्हणून तर पाठवली. आता तू उडव." हे खूप दिवसांनी मोठ्याने हसले. मी मात्र त्यांना एकच विचारलं, "भाऊजी, गुंता होत नाही ना याचा?"

"नाही हो, तुम्ही निवांत राहा," ते म्हणाले.

हॉलमध्ये बादली ठेवून आम्ही प्रॅक्टिस केली. खटका, अंगठा, खटका, अंगठा. नोव्हेंबरात एकदा तळ्यावर नेऊन बघितलं, तर एक पट्टेदार पर्च लागलासुद्धा. हात थरथरतो तसा गळही पाण्यात हलका थरथरतो आणि माशाला तेच आवडतं, असा यांचा सिद्धांत. त्या दिवशी हाक आली नाही. पण येईल, येईल म्हणत मी जागीच राहिले. पुढच्या वेळी झोपायचंच, असं ठरवून टाकलं.

ती पुढची वेळ जानेवारीत आली, आणि नेमकं तळं गोठलेलं. मला वाटलं, झालं, परत फिरा. हे मात्र लहान मुलासारखे खूश. "आता खरं आइस फिशिंग!" इथला बर्फ माणसाचं वजन पेलत नाही आणि तसा बोर्डही तिथे लावलेला आहे. त्यामुळे ओट्यावरूनच जे काय ते. दोरीला बांधलेलं लोखंडी वजन मी ओट्याच्या कडेने पुन्हा पुन्हा आपटलं आणि परातीएवढं भोक पाडलं. तरंगणारे तुकडे जाळीने बाहेर काढले. यांना खुर्चीत बसवलं, ब्लँकेट गुंडाळलं, काठी हातात दिली. गळ सरळ खाली गेला.

"लागलं काही तर हाक मारा," मी म्हटलं.

"काही लागत नाही. तू जा, झोप."

गाडीत हीटर लावला, सीट मागे केली आणि मी झोपले. कशी झोपले ते सांगता येणार नाही. स्वप्न नाही, कूस नाही, काही नाही. जाग आली तेव्हा काचांवर वाफ धरली होती आणि क्षणभर मी कुठे आहे तेच कळेना. मग काच पुसून पाहिलं. हे तसेच बसलेले, पाठ ताठ, काठी पुढे धरलेली. माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला खूप दिवसांत वाटलं नव्हतं. म्हटलं, जमलं. आता दर रविवारी असंच.

उतरून त्यांच्याजवळ गेले. "किती मिळाले?"

"दोन. सोडून दिले." भोकाकडे बघतच म्हणाले. "झोप लागली ना?"

"छान लागली," म्हणत मी खाली बघितलं. भोकावर नवा बर्फ धरला होता. पातळ होता, पण या काठापासून त्या काठापर्यंत सलग, आणि त्यावर बदामाच्या आकाराचं एक वाळकं पान निवांत पडलेलं. दोरी पाण्यात नव्हतीच. ढिली दोरी चक्रीच्या मागे जाऊन हँडलभोवती गुंडाळली गेली होती, आणि गळ यांच्या ब्लँकेटच्या लोकरीत अडकून बसला होता. यांची बोटं निळी पडली होती. गाडी पाठीमागेच, हाकेच्या अंतरावर. पण एक हाक मारली नव्हती.

मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर ते नुसतं यांच्यासाठी नव्हतं. माझा तास गेला होता. यांना एकट्याने हे जमत नाही, रीळ कुठलंही आणा, आणि पुढच्या रविवारी मी गाडीत बसले तरी मला झोप येणार नव्हती. राग यावा अशी कुणाची चूकही नव्हती.

 यांची बोटं माझ्या हातात घेऊन चोळली. ब्लँकेटमधून गळ सोडवला, हँडलवरची दोरी उलटी फिरवत काढली. मग वजन उचललं आणि भोक पुन्हा फोडलं. हे माझ्याकडे बघत नव्हते. पकडले गेले होते आणि त्यांना ते कळलं होतं.

गाडीतला पायपुसण्याचा रबरी तुकडा आणून मी त्यांच्या शेजारी ओट्यावर टाकला आणि त्यावर बसले. काठी त्यांच्या हातात दिली आणि माझा अंगठा चक्रीवर ठेवला.

"चला," मी म्हटलं, "आता तिसरा पकडू."