रजिस्टर बाइंडिंगला गेलं होतं

बाई कधीही माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या नाहीत. ऑफिसात यायच्या, पर्स टेबलाच्या कडेला टेकवायच्या आणि उभ्या उभ्याच सुरू व्हायच्या. मी म्हणायचो, "बसा की बाई." त्यावर उत्तर ठरलेलं, "नको. बसलं की तुम्ही चहा मागवता, आणि काम राहतं."

खरं होतं ते. काम टाळायची आमच्या ऑफिसातली ती सर्वांत सभ्य रीत होती. आलेल्या माणसाला चहा पाजायचा, पंखा त्याच्याकडे वळवायचा, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी करायच्या आणि शेवटी म्हणायचं, उद्या एक चक्कर मारा. मी त्यात तरबेज होतो. बाईंवर माझी ही मात्रा चालत नसे, म्हणून मला त्यांचा राग यायचा. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. ती दारात दिसली की आपण उगाच फायली चाळायला लागतो.

मी डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या बाजूच्या एका मराठी शाळेत लेखनिक होतो. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आमची निम्मी मुलं खाडीकाठच्या कोळी-आगरी वस्तीतली, निम्मी चाळींतली, केमिकलच्या कारखान्यांत तिन्ही पाळ्या करणाऱ्या बापांची. बाई गणित शिकवायच्या. चाळिशीच्या, अंगाने काटकुळ्या, बोटांना कायम खडू. वर्गात त्यांनी कधी "समजलं का?" असं विचारलं नाही. त्या विचारायच्या, "कुठे अडलं?" कुणी म्हणालं कुठेच नाही, की त्याला फळ्याशी बोलवायच्या. "ये बाबा, न अडलेला माणूस बघू दे एकदा."

पालकसभेला कोळणी यायच्या नाहीत. येणार कशा, धंद्याची वेळ. मग बाई रविवारी स्वतःच बाजारात जायच्या. घरी शुद्ध शाकाहार, आणि ही बाई नाकाला पदर लावून पापलेटांच्या टोपल्यांमध्ये उभी, हातात प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा. आया ओल्या हाताने अंगठे उठवायच्या. ती पुस्तकं नंतर माझ्या कपाटात येत आणि वर्षभर कपाटाला सुक्या बोंबलाचा वास येई. मी एकदा कुरकुर केली. बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, अंगठे आले ना? मग वासाचं काय घेऊन बसलात?"

त्या बाजारातच त्यांना भारतीची आई भेटली. भारती आमच्या सातवीत होती. बारीकशी, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली, फारसं न बोलणारी. बाई नववीची गणितं गंमत म्हणून तिला द्यायच्या आणि ती सोडवून आणायची, तीही बाईंना न सुचलेल्या रीतीने. बाई ती वही घेऊन स्टाफरूमभर फिरायच्या. आम्ही मान डोलवायचो आणि पुन्हा डबा खायला लागायचो.

ठाण्याच्या एका शाळेने तेव्हा आठवीपासून एक खास वर्ग काढला होता. गणित आणि शास्त्र इंग्रजीतून, शिवाय गणिताचे जादा तास, वेगळे शिक्षक. आमच्यासारखीच सरकारी अनुदानावरची शाळा, पण त्या वर्गाला जिल्ह्यातून मुलं यायची. बाईंनी भारतीला परीक्षेला बसवलं. निकाल लागला तेव्हा निवडलेल्या मुलांच्या यादीत तिचं नाव होतं. ठाण्यातच चेंदणीला तिची मावशी राहायची, तिच्याकडे राहायचंही ठरलं. आता हवा होता फक्त आमची शाळा सोडल्याचा दाखला. शाळा उघडल्यावरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी बारापर्यंत मूळ दाखला दिला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती.

आमचे मुख्याध्यापक पटावर जगत. पट म्हणजे शाळेत नोंदलेल्या मुलांची संख्या. सप्टेंबरअखेरीस तो मोजला जातो आणि त्यावर किती तुकड्या चालणार, किती शिक्षक राहणार हे ठरतं. एक तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त, आणि अतिरिक्त शिक्षकाला जिल्ह्यात कुठेही पाठवतात. म्हणून जूनमध्ये आमचे शिक्षक घरोघर हिंडून मुलं गोळा करायचे. त्या वर्षी आठवीची दुसरी तुकडी अगदी काठावर होती. सरांनी मला बोलावून सांगितलं, "सप्टेंबरपर्यंत एकही दाखला बाहेर जायला नको. कुणी आलं तर जनरल रजिस्टर बाइंडिंगला दिलंय म्हणा."

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेच्या प्रत्येक मुलाची नोंद असलेली जाडजूड वही. तिच्यावरून उतरवल्याशिवाय दाखला लिहिता येत नाही. ती माझ्याच कपाटात होती. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि खालच्या कप्प्यात ठेवली. ठेवण्याआधी एक दाखला मात्र मी तिच्यावरून लिहून दिला होता. सरांच्या बहिणीचा मुलगा आमच्याच सातवीत होता आणि ठाण्याच्या त्याच यादीत त्याचंही नाव होतं. त्याचा दाखला लिहायला मला दहा मिनिटं लागली. सरांनी उभ्या उभ्या सही केली.

सोमवारी भारतीची आई अर्ज घेऊन आली. मी तिला रजिस्टरचं सांगितलं. मंगळवारी ती पुन्हा आली, बुधवारी पुन्हा. टोपली बाहेर पायरीवर ठेवून दारात उभी राहायची.

"दादा, आज तरी गावला का तो रजिस्टर?"

"बाइंडरने दिलं नाही अजून."

"तीन दिस झाले, धंदा सोरून येतंय. पोरीचा वरीस जाईल हो."

मी तिला चहा विचारला. तिने तो घेतला नाही, टोपली उचलून निघाली.

बुधवारी दुपारी बाई आल्या. "कुठल्या बाइंडरकडे दिलंय?"

मी म्हणालो, "स्टेशनाजवळच्या."

संध्याकाळी परत आल्या. डोंबिवलीत त्या वेळी तीन बाइंडर होते, तिघांकडे जाऊन आल्या होत्या. "कुणाकडेच नाही, भाऊसाहेब."

आता इथे मला खरं बोलता आलं असतं. खोटं पकडलं गेलं होतं, दार बंद होतं, ऑफिसात आम्ही दोघंच होतो. पण तोंडाला लागलेली सवय. मी म्हणालो, "अहो, ते डोंबिवलीचे नाहीत. कल्याणला दिलंय सरांनी."

गुरुवारी बाईंनी अर्धी रजा टाकली आणि त्या कल्याणला गेल्या. जूनचा उकाडा होता. बाइंडर शोधत भर दुपारी त्या बाजारपेठेत हिंडल्या. एका छापखान्यातून दुसऱ्या छापखान्यात, कुणी सांगितलं म्हणून पार दूधनाक्यापर्यंत. चपलेचा अंगठा तुटला तर तिथेच चांभाराकडे बसून शिवून घेतला आणि पुन्हा चालायला लागल्या. हे मला नंतर शिपायाकडून कळलं. त्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, त्याचा मला आजही संताप येतो. एवढी हुशार बाई, दहावीच्या पोरांना सिद्धता शिकवते, आणि एकदा खोटं पकडल्यावरही माझ्यासारख्या माणसाचं बोलणं खरं धरते! संशय घ्यायला नको होता का? दोन शिव्या घालायला नको होत्या का? मग मी लगेच कपाट उघडलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. ते खरं आहे की नाही, कोण जाणे.

शुक्रवारी त्या ठाण्याच्या शाळेत मुदत मागायला गेल्या. तिथला लेखनिक म्हणाला, "तुमच्या शाळेचा एक दाखला तर आलाय की." आणि त्याने फाइल उघडून दाखवली. सरांच्या भाच्याचा दाखला, माझ्या अक्षरात, त्याच आठवड्याची तारीख.

संध्याकाळी पाचच्या सुमारास बाई ऑफिसात आल्या. मी पंख्याकडे हात नेला आणि मागे घेतला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही मला कल्याणला पाठवलंत," एवढंच म्हणाल्या.

मी उठलो, कपाट उघडलं, वर्तमानपत्र फाडलं आणि भारतीचा दाखला लिहिला. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं. सर घरी गेले होते. सहीसाठी सकाळची वाट पाहावी लागणार होती.

शनिवारी शाळा सकाळची. बाई आणि भारतीची आई सातपासून दारात. सर आले साडेदहाला. दाखला बघून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मग ते बाईंना म्हणाले, "तुकडी गेली तर कोण अतिरिक्त होणार, ठाऊक आहे? सर्वांत नव्या आहेत त्या भूगोलाच्या बाई, सहा महिन्यांच्या गरोदर. त्यांना पाठवू का कुठे जंगलात?"

"मी जाते."

"तोंडी नको."

बाईंनी तिथेच कागद घेतला. पहिल्यांदाच त्या माझ्या ऑफिसात बसल्या, त्याही माझ्याच खुर्चीत. लिहिलं, तुकडी कमी झाल्यास मला अतिरिक्त ठरवावे, माझी तयारी आहे. सरांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "हे 'तुकडी कमी झाल्यास' काढा. शिक्षणाधिकारी साहेबांच्या ऑफिसात उगाच गोंधळ होतो. सरळ लिहा, मी आपणहून जाण्यास तयार आहे."

"पण सर, तुकडी राहिली तर?"

"राहिली तर मी तो पाठवणारच नाही हो. माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत आले होते. भारतीच्या आईला यातलं काहीच कळत नव्हतं, ती फक्त बाईंच्या तोंडाकडे पाहत होती. बाईंनी दुसरा कागद लिहिला. सरांनी पहिला फाडून टोपलीत टाकला आणि दाखल्यावर सही केली. त्या दोघी धावतच निघाल्या. मी "सावकाश जा" म्हणालो. काय बोलावं ते सुचलं नाही की माणूस काहीही बोलतो.

ठाण्याला पोचायला त्यांना साडेबारा झाले. बाराच्या ठोक्याला जागा पुढच्या मुलाला दिली होती. नियमाप्रमाणे.

सोमवारी भारती आमच्या शाळेत परत आली. मी दाखला रद्द केला आणि तिचं नाव पुन्हा पटावर घेतलं. सप्टेंबरअखेर मोजणी झाली, तुकडी शाबूत राहिली. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी बाईंचा तो कागद साहेबांकडे पाठवला. सोबतचं पत्र मी टाइप केलं. मला सगळं माहीत होतं. तुकडी गेलेली नाही, कुणी अतिरिक्त नाही, हे त्या टेबलावर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी टाइप केलं, तीन प्रतींत. बाईंच्या जागी जानेवारीत शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणिसांची सून रुजू झाली.

बाईंना खडवलीच्या एका शाळेत पाठवलं. शाळा सोडताना त्या सह्या करायला आल्या.

"पट भरला ना, भाऊसाहेब?"

"भरला."

"मग माझा कागद?"

मी पेन पुढे सरकवलं. त्यांनी सह्या केल्या. जाताना म्हणाल्या, "भारतीकडे लक्ष ठेवा. आठवीचं पुस्तक तिचं संपलंय, नववीचं द्या." मी हो म्हणालो. दिलं नाही. ते देणं माझं काम नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. बाई मात्र दीड वर्षं दर रविवारी खडवलीहून यायच्या आणि त्या कोळणीच्या घराच्या ओट्यावर भारतीला शिकवायच्या. पुढे त्यांच्या घरी सासू अंथरुणाला खिळली आणि येणं थांबलं. भारती दहावी झाली, गणितात शाळेत पहिली आली. आज ती वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत पॅकिंगला आहे. सरांच्या भाच्याचं काय झालं ते मी विचारत नाही.

सात-आठ वर्षांनी खडवलीच्या शाळेतून एक पत्र आलं. तोवर सर सत्कार, शाल, श्रीफळ घेऊन निवृत्त झाले होते आणि मी मुख्य लेखनिक झालो होतो. तिथल्या नव्या मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं की, बाई आपणहून आल्याची नोंद सेवापुस्तकात असल्याने त्यांची ज्येष्ठता इथे शून्यापासून धरली गेली. त्यामुळे दहावीचं गणित त्यांना कधीच मिळालं नाही, इतकी वर्षं त्या पाचवीला चित्रकला आणि कार्यानुभव घेतात. पुढे लिहिलं होतं, बाई स्वतः काही बोलत नाहीत, पण ही नोंद चुकीची असावी असं मला वाटतं. आपण खुलासा केल्यास पुढच्या जूनपासून दहावीचा वर्ग त्यांच्याकडे देता येईल.

पत्र सभ्य होतं, अक्षर सुंदर होतं. त्या दोन कागदांची गोष्ट माहीत असणारा आता शाळेत मी एकटाच उरलो होतो. मला अडवणारं कुणी नव्हतं. पण खुलासा करायचा म्हणजे साहेबांना गेलेलं ते पत्र कुणी टाइप केलं, हेही लिहावं लागलं असतं.

मी दोन दिवस ते पत्र टेबलावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी मशीनमध्ये कागद घातला आणि एका ओळीत उत्तर दिलं, सेवापुस्तकातील नोंद मूळ कागदपत्रांप्रमाणे बरोबर आहे. खाली सही केली, शिक्का मारला.

पुढच्या जूनमध्येही बाईंनी पाचवीलाच चित्रकला शिकवली.