खुराड्याची जागा

आत्याची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं कोंबड्यांचं खुराडं हलवलं. महिना होत आला त्या गोष्टीला. खुराडं लिंबाखाली, भिंतीच्या सावलीत होतं. थंडी पडायला लागली होती, तेव्हा कोंबड्यांना कोवळं ऊन मिळावं म्हणून मी ते पूर्वेच्या बाजूला आणून ठेवलं. शेजाऱ्याला हाताशी घेतलं, कमरेत लचक भरवून घेतली, आणि मंगलाला, म्हणजे बायकोला, मोठ्या ऐटीत दाखवलं. "झालं?" एवढंच ती म्हणाली. त्या संध्याकाळी काय घडलं ते शेवटी सांगतो... माझी शोभा जितकी उशिरा होईल तितकी बरी.

सिंधूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. अचलपूरला सरकारी दवाखान्यात नर्स होती. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिनं अमरावतीत, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, लहानसं घर घेतलं. घराला लागून पुण्याच्या कुणा साहेबांचा रिकामा प्लॉट होता आणि सगळी कॉलनी तिथं कचरा टाकायची. आत्यानं पावसाळा सरताच गाजरगवत उपटलं, वाफे पाडले, आणि ऐन हिवाळ्यात तिथं मेथी, वांगी, सांबार डोलायला लागला. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्याकडच्या वाचकांनी त्यात इडली बुडवू नये.

मग एक दिवस ते साहेब खरंच आले. मी तिथंच होतो, आत्याला मदत करायला, म्हणजे बाजेवर बसलेला. साहेब फाटकाशीच थबकले. "हे काय चाललंय?" आत्या मातीचे हात पुसत पुढे गेली. "तुमच्या जागेतले वांगे हायेत, भाऊ. तुमी आले नाई म्हनून आमीच खाऊन राहिलो. आंधी चहा घ्या, मंग भांडा." साहेब चहा प्याले, भांडायचं विसरले आणि जाताना पिशवीभर वांगी घेऊन गेले. पुढं दर हिवाळ्यात त्यांचा फोन यायचा. प्लॉटची चौकशी नव्हे, भरिताच्या वांग्यांची!

कोंबड्या नंतर आल्या. गंमत अशी की आत्या माळकरी. अंडी गोळा करायची, उकडायची, पण तोंडात घालायची नाही. मी एकदा विचारलंच, "आत्या, तू खात नाहीस, मग पाळतेस कशाला?" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू दिवसभर टीवी पायतं नं? खातं का त्याले?"

अंडी कुणासाठी असतात ते सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. ज्या घरी बाळंतीण, ज्या घरी आजारातून उठलेलं माणूस, तिथं आत्या पदराखाली अंडी घेऊन हजर. मंगलाला टायफॉइड झाला तेव्हा तिला उभं राहवेना, अन्नाचं नाव नको. मी रोज अकोल्याला अपडाऊन करणारा माणूस, सकाळच्या गाडीच्या घाईत. बायकोची खरी काळजी घेतली ती आत्यानं. आमच्या ओट्याशी उभी राहून अंडं उकडायची, सोलायची, मीठ-मिरपूड लावून मंगलाच्या हातात द्यायची आणि ते संपेपर्यंत समोरून हलायची नाही. मंगलाला अवघडल्यासारखं व्हायचं. "आत्याबाई, तुमाले वास येत असीन..." "येते," आत्या म्हणायची. "तुह्या पोटात गेलं का जाते."

हिवाळा तोंडावर आला की तिच्यातली नर्स पुन्हा ड्यूटीवर यायची. खुराड्याच्या उत्तरेच्या बाजूला बारदान लावायची, ते दाभणानं शिवायची, आणि टाके इतके हलक्या हातानं घालायची की आता पोत्यालाही "दुखलं का?" विचारील असं वाटायचं. दसऱ्यानंतर लसूण. यंदाही तिनं लसणाचा वाफा भुसभुशीत करून, कोंबडखत मिसळून तयार ठेवला होता. आमची शेवटची भेट त्या वाफ्याच्या कडेलाच झाली. "बेनं भातकुलीहून येनार हाय," ती म्हणाली. भातकुली म्हणजे तिचं सासर. मी म्हटलं, "मी आणतो ना बाजारातून." "तू नोको आनू. मांगं तू पालकाचं बी म्हनून मुयाचं आनलं होतं." मुळे मात्र छान आले होते. त्याच आठवड्यात, मूर्तिजापूरच्या अलीकडे, गाडीत मला फोन आला... आत्या झोपेतच गेली. जन्मभर दुसऱ्यांची उशापायथ्याशी बसून सेवा केली, स्वतःची मात्र कुणाला करू दिली नाही.

तेरवीच्या पंगतीतच प्रश्न निघाला, कोंबड्यांचं काय? भातकुलीचे तिचे दीर म्हणाले, रविवारी टोपल्या घेऊन येतो, नेतो. मला ते नको होतं. कोंबड्या गेल्या की वाफे वाळणार, आणि प्लॉटवर पुन्हा कचरा पडणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पण मंगलानं आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "तुमी सकायीच अकोल्याले पयता. मांगं हे सारं कोन करीन? माह्यानं नाई होत." यात खोटं काय होतं? मी बुंदी वाढायला उठलो. रविवारपर्यंत तरी कोंबड्यांना ऊन मिळावं, म्हणून दुसऱ्या दिवशी खुराडं हलवलं.

तर ती संध्याकाळ. ऊन उतरलं तशा कोंबड्या वाफ्यांतून निघाल्या. मी निवडलेल्या झकास जागेकडे ढुंकूनही न पाहता लिंबाखाली गेल्या, आणि खुराडं जिथं होतं त्या रिकाम्या चौकोनात अंगाला अंग लावून बसल्या. मी तांदूळ टाकले, टाळ्या वाजवल्या, आत्याच्या आवाजात "या गं, या गं" करून पाहिलं. एकीला उचलून खुराड्यात घातलं, तर दुसरीला आणेपर्यंत पहिली परत लिंबाखाली. भिंतीवर एक बोका येऊन बसला होता, आणि त्याला काहीच घाई नव्हती.

मंगला आत्याच्या ओसरीवरून पाहत होती. आता ही हसणार, असं मला वाटलं. ती हसली नाही. पदर खोचून आली आणि खुराड्याची दुसरी बाजू धरली. "उचला." कोंबड्या जराशा सरकल्या, खुराडं जुन्या जागी टेकलं, आणि आम्ही बाजूला होतोय तोच त्या उठून एकामागून एक आत शिरल्या. मंगलानं दार लावलं, कडी घातली. ओढाताणीत सुटलेलं बारदान परत ताणून बांधलं. आत्याचे टाके तिनं बोटानं चाचपून पाहिले, आणि मग लसणाच्या त्या रिकाम्या वाफ्याकडे बघत उभी राहिली... मी कमर चोळत होतो.

"भातकुलीले फोन लावा," ती म्हणाली. "म्हना, रविवारी या, पन टोपल्या आनू नका. लसनाचं बेनं आना."